पाळी चुकली, ती गोळीनं नव्हे

सोलापूरच्या पूर्वभागातली, विड्या वळणारी २६ वर्षांची बाई. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा टॉवेलच्या यंत्रमागावर, घरी सासू आणि एक धाकटा दीर. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान चार वर्षांपूर्वीचं. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. आजार, औषधं, आठवडे आणि माझी चूक यांना हात लावलेला नाही.

मी तिची डॉक्टर; चुकीपासूनच सुरुवात करते. चार वर्षं ती रिस्पेरिडॉन ४ मिलिग्रॅम आणि त्यासोबत हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम घेत होती. कानातले आवाज बंद झाले होते, दिवसाला हजार विड्या पडत होत्या, कारखान्यात माल छाटात, म्हणजे खराब म्हणून बाद, जात नव्हता. पाळी मात्र तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. रिस्पेरिडॉननं प्रोलॅक्टिन वाढतं. दूध उतरवणारं हे संप्रेरक चढलं की शरीराला वाटतं बाई अंगावर पाजतेय, आणि अंडाशयाचं काम मंदावतं. सासूनं दोनदा विचारलं तेव्हा दोन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं, "मावशी, गोळीनं होतं तसं." उत्तर खरंच होतं.

मग नागपंचमीच्या सुमारास मी गोळी बदलली. रिस्पेरिडॉन हळूहळू कमी करून ओलान्झापिन १० मिलिग्रॅम सुरू केली. तिनं प्रोलॅक्टिन फारसं वाढत नाही. केसपेपरवर लिहिलं, 'पाळीच्या तक्रारीमुळे बदल'. पाळी परत सुरू होणार म्हणजे दिवसही राहू शकणार, हे वाक्य मी बोलले नाही आणि लिहिलंही नाही. सोमवारच्या ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, हे कारण आहे, पण समर्थन नाही.

दसऱ्याला पाळी आली. दिवाळीत आली. नंतर आली नाही, आणि घरात कुणालाच नवल वाटलं नाही, कारण 'गोळीनं होतं तसं' हे मीच त्यांना शिकवलं होतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, तिला पाळण्यात बसल्यावर उलटी झाली. त्याचं खापर पाळण्यावर फुटलं. पुढच्या आठवड्यात भाकरी भाजण्याच्या वासानं झाली, तेव्हा सासूच्या डोक्यात प्रकाश पडला. सोनोग्राफीत तेरा आठवडे निघाले.

इथून पुढचे जवळपास पाच आठवडे मला कुणी काही कळवलं नाही. ज्या दवाखान्यात तिला दाखवलं, तिथं औषधांची पिशवी बघून "हे सगळं आजपासून बंद" असं सांगितलं गेलं. मला एक फोन करावा असं तिथं कुणाला वाटलं नाही. घरीही हेच मत होतं. मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्या एका भाच्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं की ही गोळी 'सी' कॅटेगरीतली आहे, म्हणजे धोक्याची. भाच्याचा दोष नाही, ती अक्षरं अजून सगळीकडे फिरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ए, बी, सी, डी, एक्स ही वर्गवारी २०१५ पासून मोडीत काढली, कारण ती दिशाभूल करत होती. त्या यादीत ओलान्झापिन 'सी'त होती आणि क्लोझापिन, जिच्यासाठी नियमानं रक्ततपासणी करत राहावी लागते, ती 'बी'त. 'सी'चा अर्थ 'धोकादायक' असा नव्हताच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही दिसलंय किंवा प्रयोगच झालेले नाहीत, आणि माणसांतला नीट पुरावा नाही, एवढाच तो शेरा.

यातली खरी गंमत, गंमत म्हणवत नाही तरी, वेळेची होती. गर्भाचे मुख्य अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडतात. पाठीच्या कण्याची नळी तर गर्भधारणेपासून साधारण २८ व्या दिवशी मिटते, बऱ्याचदा बाईला पाळी चुकल्याचा संशय यायच्या आत. म्हणजे ओलान्झापिननं अवयवांना काही व्हायचंच असतं तर ते तेराव्या आठवड्याच्या आधी होऊन गेलेलं. गोळी बंद करून त्या बाबतीत काहीच वाचलं नाही. वाचवता आली असती ती फॉलिक ॲसिडची वेळ. ती नळी नीट मिटावी म्हणून ही गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून हवी. हिला मिळाली चौथ्या महिन्यात. माझ्या न बोललेल्या वाक्याची ही पहिली किंमत.

पहिलं लक्षण सासूलाच दिसलं, तेही विड्यांत. एका दिवशी तीनशे विड्या छाटात गेल्या. पानं नीट भिजलेली, फर्म्यावर नीट कापलेली, पण तंबाखू कुठं गच्च, कुठं पोकळ. विचारलं तर म्हणाली, तंबाखूत कुणीतरी काहीतरी मिसळलंय, म्हणून ती चिमटीत धरून वास घेऊन मग भरतेय. चार दिवसांनी तिनं सासूच्या हातची भाकरी सोडली. फक्त बंद पुड्यातली बिस्किटं आणि नळाखाली स्वतः धरलेलं पाणी. रात्री कडी काढून अक्कलकोट रस्त्याच्या दिशेनं चालत गेली, दिरानं परत आणली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर बसली तेव्हा वजन ५१ वरून साडेसत्तेचाळीस किलो, ओठ सुकलेले, आणि अठरावा आठवडा.

सासू खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, "मॅडम, पोटात लेकरू हाय आन् ही डोस्क्याची गोळी परत खायाची? लेकरू येडं निपजलं तर?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं आणि त्याचं उत्तर 'सेफ आहे' किंवा 'सेफ नाही' असं एका शब्दात द्यायचा मोह होतो. मी सासूसमोर पाटी मांडली. पाटीची एक बाजू गोळीची, दुसरी आजाराची. दुसरी बाजू घरात कुणी मोजतच नाही, कारण गोळी हातात दिसते आणि आजार स्वभावात मुरतो.

आधी गोळीची बाजू. कुठलंही औषध न घेणाऱ्या बायकांच्या मुलांतही शंभरात सुमारे तीन मुलांत जन्मजात मोठं व्यंग आढळतंच. अमेरिकेतल्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या सुमारे १३ लाख गरोदरपणांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. पहिल्या तीन महिन्यांत मनोविकारावरची अशी औषधं न घेतलेल्यांत हजारात ३२.७ बाळांना व्यंग होतं, नव्या पिढीची औषधं घेतलेल्यांत ४४.५. इथं थांबलं की घाबरायला होतं. पण औषध घेणाऱ्या बायकांत मधुमेह, स्थूलपणा, तंबाखू, दारू, इतर गोळ्या यांचंही प्रमाण जास्त होतं. ते सगळं हिशेबात धरल्यावर तफावत जवळजवळ मिटली: १.०५ पट, म्हणजे नसल्यासारखी. अपवाद निघाला तो रिस्पेरिडॉनचा, १.२६ पट. तोही लहान, आणि अभ्यासकांनीच त्याला पक्का निष्कर्ष म्हटलं नाही. योगायोग असा की आमची बाई गर्भ राहण्याच्या आधीच त्या गोळीवरून उतरली होती. श्रेय मात्र मला नको. मी गोळी बदलली ती पाळीसाठी.

आता आजाराची बाजू. साडेतीन किलो वजन गेलेलं. रात्री रस्त्यावर. तपासणीला यायला नकार, लोहाच्या गोळ्या फेकून दिलेल्या. उपचाराविना राहिलेल्या तीव्र मानसिक आजारात बाळ वेळेआधी आणि कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. सासूच्या समोरच बसलं होतं.

आणि एक तिसरी बाजू, जी मला रागच आणते. बोलता बोलता सासूच्या दातांकडं लक्ष गेलं. मशेरी. सुनेच्याही. "सकाळी थोडी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, मशेरीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती, आणि त्यांत वेळेआधी जन्मणारीही जास्त होती. त्याचा जाब मेडिकलमधल्या भाच्यानं कधी विचारला नाही. डोक्याची गोळी पापाची, मशेरी घरची. मी दोघींची मशेरी त्याच दिवशी सोडवायचा प्रयत्न केला. सुनेची सुटली, सासूची नाही.

बाईला वॉर्डात घेतलं, आई सोबतीला राहिली. पहिल्या रात्री ती इतकी घाबरलेली होती की हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन द्यावं लागलं. जुनं औषध, गरोदरपणात अनेक दशकं वापरलं गेलेलं. पुढं कुठली गोळी, यावर विचार करायला फारसं नव्हतं. जी गोळी तिला लागू पडली होती आणि बाळाला आधीच ओळखीची होती, तीच परत. गरोदरपणात 'जास्त सुरक्षित' म्हणून नवीन गोळी शोधणं म्हणजे बाळाला दोन औषधांच्या तोंडी देणं, वर नवी लागू पडेल याची खात्री नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल परत दिली नाही. तिची गरजच उरली नव्हती.

अडचण एवढीच की ती कुणाच्या हातचं काही घेत नव्हती. नर्सनं वाटीत दिलेली गोळी तिनं उशीखाली सारली. मग अख्खी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली, मागचा चंदेरी कागद बोटानं चाचपला, फाटलेला नाही याची खात्री केली आणि स्वतः गोळी फोडली. बंद पुड्यातल्या बिस्किटाला जो नियम, तोच गोळीला. बारा दिवस ती पट्टी तिच्याच पदराला बांधलेली होती. नर्सना हे पसंत नव्हतं, म्हणून रोज दोन वेळा गोळ्या मोजायचं ठरलं.

दहाची पंधरा मिलिग्रॅम करावी लागली. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय, कणा, ओठ सगळं ठीक निघालं. चोविसाव्या आठवड्यात ती घरी सासूच्या शेजारी बसून विड्या वळत होती. तंबाखूची धूळ कमी बसावी म्हणून तिला खोलीतून ओट्यावर आणलं. गरोदर बायकांचं माता-बाल संरक्षण कार्ड असतं, त्याच्या मागच्या पानावर मी आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मिळून पाच ओळी लिहिल्या: कुठली गोळी, किती, कुणी बंद करायची नाही, कुठली लक्षणं दिसली तर कुणाला फोन. त्या कार्डावर पुढं चार वेगवेगळ्या लोकांनी तिला तपासलं आणि कुणीही 'बंद करा' म्हटलं नाही.

ओलान्झापिनचा खरा त्रास वेगळाच आहे: भूक, वजन, साखर. २०१८ च्या एका अभ्यासात गरोदरपणात ओलान्झापिन सुरू ठेवलेल्या बायकांत गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका गोळी थांबवलेल्यांच्या तुलनेत १.६१ पट निघाला. आपल्याकडची चाचणी सोपी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर गेली की मधुमेह. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी तिची आली १५४. सासूनं तेव्हाच सुनेला 'दोन जिवांची' म्हणून रोज तुपातला शिरा सुरू केला होता, प्रेमानं, आणि थोडी अपराधी भावनाही असेल. शिरा बंद. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाचटणी तेलाशिवाय, संध्याकाळी नवऱ्यासोबत अर्धा तास चालणं. जेवणानंतरची साखर १२० च्या आत राहिली, इन्सुलिन लागलं नाही. सोलापूरची कडक भाकरी चावायला वेळ लागतो, माणूस कमी खातो; हे माझं निरीक्षण, शास्त्र नाही.

मधेच एक गोष्ट सांगायला हवी. याच वॉर्डात त्या महिन्यात दुसऱ्या एका तरुण मुलीच्या पिशवीत सोडियम व्हॅल्प्रोएट होती. झटक्यांवर आणि मूडच्या आजारावर सर्रास दिली जाणारी ही गोळी. गरोदरपणात घाबरायचंच असेल तर तिला घाबरा: शंभरात सुमारे दहा बाळांना व्यंग, आणि शंभरात तीस ते चाळीस मुलांच्या बुद्धीच्या नि बोलण्याच्या वाढीत अडचणी. तिच्याबद्दल त्या घरात एक अक्षर कुणी विचारलं नव्हतं. आमच्या बाईला ती कधीच दिलेली नव्हती, हे नशीब. पण तीही फक्त आपल्या मनानं एका दिवसात बंद करायची नसते.

जुलैच्या शेवटी, अडतिसाव्या आठवड्यात, मुलगी झाली. २ किलो ६०० ग्रॅम, लगेच रडली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मी अडून बसले, तिची आईच इकडं आली. कारण बाळाला तीन दिवस दवाखान्यात डोळ्यासमोर ठेवायचं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत ही औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मानंतर थरथर, अंग ताठ किंवा लुळं पडणं, जास्त झोप, श्वासाची नि दूध ओढण्याची अडचण दिसू शकते. अमेरिकी औषध प्रशासनानं २०११ मध्ये या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. दुसऱ्या दिवशी बाळाची हनुवटी थोडी थरथरायला लागली आणि चोखणं आळशी झालं. साखर तपासली, ठीक होती. बालरोगतज्ज्ञांनी दर दोन तासांनी जागं करून पाजायला लावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थरथर गेली. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सासू घाबरली नाही. सांगितलं नसतं तर गोळी त्या रात्रीच कचऱ्यात गेली असती.

दुसरी लढाई दुधाची. सासूनं पावडरचा डबा आणून ठेवला होता. मी तिच्यासमोर कागदावर गणित केलं, कारण ती बाई विड्यांचा हिशेब तोंडी करते, आकड्यांना भीत नाही. आईचं वजन ५५ किलो, रोजची गोळी १५ मिलिग्रॅम. किलोमागं हिशेब केला तर आईच्या डोसच्या १ ते २ टक्के ओलान्झापिन बाळाला दुधातून मिळते. १० टक्क्यांच्या खाली असलं की साधारणपणे चालतं असं मानतात. तीन किलोच्या बाळाला दिवसाला मिळणार मिलिग्रॅमचा सुमारे शंभरावा हिस्सा, आईच्या गोळीच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. "हजारात एक विडी?" सासूनं विचारलं. हो, हजारात एक विडी. डबा परत गेला नाही, पण फळीवर चढला.

सगळ्या गोळ्यांचं असं नाही. क्लोझापिन चालू असताना अंगावर पाजू देत नाही. बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. अमिसल्प्राइड दुधात बरीच उतरते. ॲरिपिप्राझोलनं उलट प्रोलॅक्टिन घटतं आणि दूधच कमी येऊ शकतं. आणि गोळी घेतल्यावर काही तास दूध पिळून टाकायचं, हा जो सल्ला बायका एकमेकींना देतात, तो ओलान्झापिनला लागू नाही. ती रक्तातून निम्मी व्हायलाच तीस तासांच्या आसपास घेते. पिळून टाकलं काय नि ठेवलं काय. आम्ही घरच्यांना बघायला सांगितलं ते एवढंच: बाळ पाजायला उठवावं लागतंय का, लुळं पडतंय का, वजन चढतंय का.

मला भीती होती ती दुधापेक्षा झोपेची. बाळंतिणीची झोप तुटली की हा आजार उसळतो. रात्री दहाला ती पाजणार, गोळी घेणार, झोपणार. मधलं पाजणं आईनं काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्यानं. पहाटे चारला तिला उठवायचं. गोळीची गुंगी असताना बाळ कुशीत घेऊन झोपायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं. घरात साडीची झोळी होती, ती आजीच्या अंथरुणाशेजारी बांधली. पुन्हा दाखल करायची वेळ आलीच तर बाळ आईजवळच ठेवायचं असंही ठरलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा तोडायचं नसतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई-बाळासाठी स्वतंत्र वॉर्ड आहे. आमच्या वॉर्डात तसली सोय नाही, एका कोपऱ्याला पडदा लावून तीन खाटा बाजूला सारता येतात, एवढंच. ती वेळ आली नाही.

एप्रिलमध्ये ती आली तेव्हा मुलगी नऊ महिन्यांची, ७ किलो ४०० ग्रॅम, टेबलावरचा माझा स्टेथोस्कोप ओढत होती. बसते, सरकते, 'अत्ता अत्ता' करते. तेलुगूत अत्ता म्हणजे सासू, त्यामुळं सासू खूश आहे. गोळी परत दहावर आणली आहे. तांबी बसवली आहे. दुसरं मूल हवं का, केव्हा, हे मी या वेळी स्वतःहून विचारलं आणि केसपेपरवर वरच्या बाजूला लिहिलं. ती म्हणाली, "तीन वर्षांनी. आधी तुमाला सांगते, मग तांबी काढते."

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची साखरेची चाचणी मात्र राहूनच गेली आहे. तिचं वजन सहा किलोनं वाढलंय. येत्या सोमवारी उपाशीपोटी बोलावलंय, विड्या पोचवून येते म्हणाली, तर त्याआधी ये म्हणून सांगितलं.